अंगावर, नाहीतर पेटीत

सकाळी औषधांच्या पिशव्या व्हॅनमध्ये लावून झाल्या की डेल्फिया स्टॅम्पर जाकिटाच्या आत हात घालून कमरेवरचं रिव्हॉल्व्हर चाचपायची. एकदाच. मग सीटचा पट्टा लावायची, आरसा सारखा करायची आणि निघायची. दिवसभरात तिचा हात पुन्हा तिकडे जायचा नाही.

"सारखा हात लावणारा माणूस एक तर नवा असतो, नाहीतर घाबरट," ती म्हणायची. "दोघांनीही घरी बसावं."

आमच्या टर्की फोर्क या डोंगराळ गावात औषधांचं दुकान एकच, गॅबार्डचं. डोंगरांच्या बेचक्यांमध्ये राहणारी म्हातारी माणसं तिथवर येऊ शकत नाहीत, म्हणून डेल्फिया त्यांना औषधं पोचवते. व्हॅनमध्ये रक्तदाबाच्या गोळ्या असतात तशा दुखण्यावरच्याही असतात, आणि नशा चढवणाऱ्या त्या दुखण्यावरच्या गोळ्यांसाठी आमच्याकडच्या माणसांनी आपल्या आयांची कपाटंसुद्धा फोडलेली आहेत. एकदा लाकडाच्या वखारीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोघांनी झाड आडवं टाकून तिला अडवलं. तिने रिव्हॉल्व्हर काढलंच नाही. व्हॅन उलटी हाणत अर्धा डोंगर खाली आणली.

"मागचा गिअर असताना पिस्तूल कशाला काढायचं, बाई?" मला सांगताना ती हसत होती, पण कॉफीचा कप तिने दोन्ही हातांनी धरला होता.

त्याच आठवड्यात गॅबार्डने व्हॅनच्या सीटखाली पोलादी पेटी बसवून घेतली. सीटच्या सांगाड्यालाच बोल्टांनी आवळलेली, आकड्यांच्या चक्रांचं कुलूप असलेली. पोस्टात, शाळेत, इस्पितळात पिस्तूल नेता येत नाही आणि डेल्फियाला तर रोज कुठे ना कुठे उतरावं लागतं. पण इस्पितळाच्या पार्किंगमध्ये पोचून मग पेटी उघडायची, असं तिने कधी केलं नाही. अलीकडच्या वळणावर, जिथे कुणी बघत नाही, तिथे थांबून ती रिव्हॉल्व्हर चामड्याच्या होल्स्टरसकट पेटीत ठेवायची, चक्रं फिरवायची आणि मगच पार्किंगमध्ये शिरायची. नुसतं उघडं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन गाडीत उलटसुलट करणं तिला अजिबात खपायचं नाही. चापावर सतत चामडं असलं पाहिजे.

हेच सगळं ती शनिवारी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये शिकवायची. परवान्यासाठी आलेली माणसं असायची, तशीच नुसती ऐकायला आलेलीही. ड्रायव्हरची सीट म्हणून एक स्वयंपाकघरातली खुर्ची आणि पिस्तूल म्हणून निळ्या प्लास्टिकचा तुकडा. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर तिच्याबरोबर कॉफी करायला म्हणून जायला लागले आणि मागे बसून ऐकायला लागले. चाळीस वर्षं मुलांना गणित शिकवल्यावर दुसऱ्या कुणाला शिकवताना बघण्यात फार सुख असतं.

"मी तर बुवा सीटखालीच ठेवतो," एकदा एक जाडजूड गृहस्थ म्हणाले.

"पेटीत?"

"नाही. नुसतंच."

"मग उतारावर हरीण आडवं आलं आणि तू ब्रेक मारलास, की ते घसरत येणार पुढे. ब्रेकच्या पेडलखाली. मग काय करणार? येशूला खाली उतरून गाडी धरायला सांगणार?"

हॉल हसला. गृहस्थ लाल झाले. डेल्फियाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवणारे कोण कोण? हात वर करा. खरं खरं. हं. गाडीचे कागदही तिथेच ना? पोलीस कागद मागणार, आणि तुमचा हात जाणार पिस्तुलाकडे. त्या पोराला काय कळणार तुमच्या मनात काय आहे? कागद वर, काचेजवळ. पोलिसाने थांबवलं की आतला दिवा लावायचा, हात चाकावर, आणि शांतपणे सांगायचं, साहेब, माझ्याकडे पिस्तूल आहे आणि ते अमुक ठिकाणी आहे. तुम्ही सांगाल तसं करते."

मग ती सगळ्यांकडून म्हणवून घ्यायची. "पिस्तूल कुठे?"

"अंगावर, नाहीतर पेटीत!"

"तिसरी जागा?"

"नाही!"

आणखी एक गोष्ट ती शिकवायची, आणि ती तिची स्वतःची होती. पेटीचे आकडे आपल्याशिवाय आणखी एका माणसाला माहीत असावेत. एकालाच. आपल्याला अपघात झाला, आपण बेशुद्ध इस्पितळात आणि गाडी ओढून कुठल्या तरी गॅरेजात नेलेली, तर कुणीतरी जाऊन ते शस्त्र ताब्यात घेतलं पाहिजे. ही गोष्ट आमच्या खोऱ्यात अशी काही रुजली, की कुणाचा 'दुसरा' कोण याची चर्चा चर्चच्या पायऱ्यांवर होऊ लागली. नवरा-बायकोची भांडणं झाली त्यावरून. एका म्हातारीने दोन मुलगे सोडून शेजाऱ्याला आकडे दिले, तर मुलगे वर्षभर जेवायला आले नाहीत. आपला 'दुसरा' बदलायचा म्हणजे तर भर चौकात त्या माणसाच्या तोंडात मारण्यासारखं. कुणी बदलत नसे.

डेल्फियाचा दुसरा तिचा धाकटा भाऊ, आर्लिस.

आर्लिस माझ्या वर्गात होता. गोड मुलगा. खिडकीची काच फुटली की जवळ उभा असायचा तो, आणि "कशी काय फुटली, बाई?" असं इतक्या काळजीने विचारायचा की आपणच त्याची समजूत घालायला लागावं. त्यांचे वडील खाणीत दगावले तेव्हा तो लहान होता. आई दुकानात काम करायची, म्हणून डेल्फियानेच त्याला वाढवलं. पुढे आईला विसरायचा आजार झाला. इस्त्री फ्रीजमध्ये ठेवायची, डेल्फियाला आपली बहीण समजायची, संध्याकाळ झाली की "मला घरी सोडा" म्हणून घरातच रडायची. तेही सगळं डेल्फियानेच केलं. नवरा व्हर्जिल वारला होता, मूल नव्हतं. आर्लिस रविवारी यायचा, आईला हसवून जायचा. तेवढंही पुष्कळ वाटायचं तिला.

त्याच्या कुत्र्यांचा तिला कोण अभिमान! सशांच्या शिकारीची बीगल कुत्री पाळायचा तो. पिकअपच्या मागे त्याने स्वतः पिवळा रंगवलेला कुत्र्यांचा पिंजरा होता, त्यावर मोठ्या अक्षरांत 'भुंकणारी बायबल शाळा' लिहिलेलं. तीन तालुक्यांत तो पिंजरा कुणाला माहीत नाही असं नव्हतं.

त्याचं आणि बायकोचं, लिनेलचं, फिसकटलं. एकदा दारूच्या तारेत त्याने तिच्यासमोर बंदूक नाचवली. जज्जाने मनाई हुकूम काढला आणि त्याच्या सगळ्या बंदुका शेरिफच्या कोठीत गेल्या. शस्त्राला हात लावला तर तुरुंग. तेव्हा लिनेल स्वतः डेल्फियाकडे आली होती.

"वन्सं, पेटीचे आकडे बदला."

"तो माझा भाऊ आहे, लिनेल."

"माझा तर नवरा होता."

डेल्फियाने आकडे बदलले नाहीत. वर्गात मात्र ती सांगायची, माणसाची परिस्थिती बदलली की आकडे बदला. सांगताना तिच्या मनात आर्लिस येत नसावा, असंच मला वाटतं. आपलं माणूस आपल्याला नियमात दिसत नाही.

ऑक्टोबरात चर्चचं वार्षिक भोजन असतं. गावाबाहेर गेलेलीसुद्धा त्या रविवारी येतात. फायर स्टेशनच्या घडीच्या खुर्च्या डेल्फियाच्या व्हॅनमधून आल्या होत्या. प्रार्थना संपली, बायका कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव मांडायला लागल्या. डेल्फिया सफरचंदाचा थरांचा केक कापत होती तेवढ्यात आर्लिस आला.

"ताई, किल्ली दे. खुर्च्या काढतो."

"खाल्लंस का काही?"

"कोंबडीची तंगडी खिशात घालून पळणार आहे मी. व्हर्जिनियात डोंगरापलीकडे एक कुत्री बघायला जायचंय. माणूस फक्त आजच भेटतो म्हणाला."

"देवाच्या दारी बसून चार घास खा, मग जा."

"देवाला सांग, आर्लिस कुत्री आणायला गेलाय. तो समजून घेईल. त्यानेच केलीत ना ती?"

तिने हसून किल्ली दिली. त्याने खुर्च्या काढायला सुरुवात केली, मग आणखी माणसं आली, पोरं आली. व्हॅनची दारं बराच वेळ सताड उघडी होती.

संध्याकाळी परत जाताना रिव्हॉल्व्हर पुन्हा अंगावर घ्यायला ती, कुणी बघत नाही अशा एका वळणावर थांबली. पेटीचं झाकण नुसतं लोटलेलं होतं. चक्रं बरोबर तिच्याच आकड्यांवर उभी होती. आत काही नव्हतं.

तिने तिथूनच मला फोन केला, पण त्याआधी आर्लिसला केला होता.

"मी? मी कशाला हात लावू, ताई? मला तर तुरुंग आहे ना!"

"मग आकडे कसे लागले?"

तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तू फिरवायला विसरली असशील. होतं असं. आणि हे बघ, शेरिफकडे नको जाऊस. अख्खा तालुका हसेल. तूच सगळ्यांना शिकवतेस आणि तुझीच पेटी उघडी!"

पण चोरी त्याच तासात कळवा, लाज नंतर वाटून घ्या, हेही तीच शिकवायची. ती तशीच शेरिफच्या कचेरीत गेली. डेप्युटी कोडी फ्युगेटने रिव्हॉल्व्हरवरचा नंबर लिहून घेतला, पेटीवर बॅटरीचा झोत टाकून बघितलं.

"ओरखडासुद्धा नाही, मावशी. फोडलेली नाही."

"माझ्या भावाला आकडे माहीत आहेत. त्याला मी विचारलं. तो नाही म्हणतो."

"मग तुम्हीच उघडी ठेवलीत म्हणायची."

सकाळी अंगणात तिने रिव्हॉल्व्हर आत ठेवलं होतं, झाकण दाबलं होतं, चक्रं फिरवली होती. ते तिला आठवत होतं. पण ते रोजच आठवतं, हे तिच्या लक्षात आलं. आजचं आठवतंय की कालचं, हे कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी आर्लिस नवी कुत्री घेऊन तिला दाखवायला आला. मी होते तिथे. त्याने बहिणीचा हात हातात घेतला. म्हणाला, "ताई, रागावू नकोस. पण आईचंही असंच सुरू झालं होतं. आठवतं? पहिल्यांदा स्टोव्ह चालू राहिला होता."

मी डेल्फियाच्या चेहऱ्याकडे बघत होते. शाळेत एखाद्या मुलाला घरून वाईट निरोप आला की त्याचा चेहरा जसा एकदम लहान व्हायचा, तसा तिचा झाला.

त्या हिवाळ्यात तिचा स्वतःवरचा विश्वास हळूहळू उडत गेला. कुणी तिला काही म्हणालं नाही. शनिवारच्या वर्गाला माणसं आली, पण त्या घोषणेपाशी आल्यावर तिच्याच तोंडून शब्द फुटेना. तिने निळं प्लास्टिक टेबलावर ठेवलं आणि "पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी बघेल" म्हणून जाकीट घातलं. मग तिने गॅबार्डला व्हॅनच्या किल्ल्या दिल्या.

"अगं, डॉक्टरला तरी दाखव," गॅबार्ड म्हणाला. "मला तर तू ठीक दिसतेस."

डॉक्टरने तिच्याकडून कागदावर घड्याळाचं चित्र काढून घेतलं, शब्द पाठ म्हणवून घेतले, उलटे आकडे मोजायला लावले. सगळं बरोबर. "आईनेसुद्धा पहिल्या वर्षी घड्याळ बरोबरच काढलं होतं," ती मला परत येताना म्हणाली. गाडी मी चालवत होते. ती शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि मी वळणावर ब्रेक मारला की तिचा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

सकाळी फोन करून ती मला वार विचारायची. तिला माहीत असायचा. "तरी म्हटलं विचारावं." रिव्हॉल्व्हरबद्दल मात्र ती रोज एकच वाक्य बोलायची, "कुणाच्या हातात असेल ते, बाई?" रेडिओवर कुठे गोळी सुटल्याची बातमी आली की ती उठून उभी राहायची. आणि दर रविवारी आर्लिस चर्चमध्ये तिच्या शेजारी बसायचा, गाण्यांच्या पुस्तकातलं पान काढून तिच्या हातात द्यायचा. बायका म्हणायच्या, किती करतो बिचारा!

मार्चमध्ये, डोंगरावर अजून पानं नव्हती, तेव्हा कोडी आला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पिंटो घेवडा निवडत होतो. तो टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"मावशी, रिव्हॉल्व्हर सापडलं."

तिच्या हातातले दाणे टेबलावर सांडले. "कुणाला लागलं?"

"कुणाला नाही. बसा तुम्ही. कुणालाही काही झालेलं नाही." तो आत आला. "व्हर्जिनियात, डोंगरापलीकडच्या पेट्रोल पंपावर पडलं होतं. पंपाची मालकीण रात्री झाडायला निघाली तेव्हा सापडलं. तिने त्याच रात्री तिथल्या पोलिसांना दिलं. त्यांच्याकडे पडून होतं. आता कुणीतरी नंबर लावून बघितला, तर तुमची तक्रार निघाली. तुम्ही कळवलं नसतंत तर कधीच जुळलं नसतं."

"कुठला दिवस?"

"तोच रविवार. जेवणाचा."

डेल्फिया त्याच्याकडे बघत राहिली. मग ती हसली. इतक्या महिन्यांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मी बंद केली होती," ती म्हणाली. "बाई, मी चक्रं फिरवली होती! उघडी पेटी बघून सहज उचलणारा ते विकून टाकेल, एवढ्या लांब नेऊन पंपावर कशाला टाकेल? आकडे लावूनच उघडली कुणीतरी. मी बंद केली होती!"

कोडी तिच्याकडे बघेना. तो टोपीची कड बोटांनी फिरवत होता.

"त्या बाईला एक पिकअप आठवतो," तो म्हणाला. "पेट्रोल भरायला ड्रायव्हर उतरला तेव्हा दाराच्या कप्प्यातून काहीतरी पडल्यासारखं वाटलं तिला. तेव्हा लक्ष नाही दिलं. लक्षात राहिला तो मागचा पिंजरा. पिवळा. त्यावर लिहिलेलं वाचून तिला हसू आलं होतं."

तो काय लिहिलं होतं ते बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. डेल्फियाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, जसं काही त्याला कुठे जायचं ते कळत नव्हतं. मग तिने सांडलेले दाणे एकेक करून गोळा केले.

"मला तुमचा जबाब लागेल, मावशी. आकडे कुणाला माहीत होते, तुम्ही त्याला नेऊ दिलं होतं का, एवढंच."

"उद्या ये, बाळ."

तो गेल्यावर तिने तोंड धुतलं, केस विंचरले आणि मला म्हणाली, "मला आर्लिसकडे सोडा."

तो कुत्र्यांच्या वाड्यात पाण्याची घमेली धूत होता. आम्हाला बघून हसला, मग बहिणीचा चेहरा बघून नळ बंद केला. कुत्री मात्र तिच्यावर उड्या मारत राहिली.

"पंपावर सापडलं ते," ती म्हणाली.

त्याने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, हे मला त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. तो एका उलट्या घमेल्यावर बसला.

"परत आणून ठेवणार होतो मी. त्याच संध्याकाळी. तो रस्ता कसा आहे तुला माहिताय, एकटा माणूस, खिशात कुत्रीचे पैसे. माझ्या सगळ्या बंदुका त्या जज्जाने नेल्या. मांडीखाली ठेवलं होतं, ते टोचायला लागलं म्हणून दारात खुपसलं. घरी येऊन बघतो तर नाही."

"दारात."

"हो ना, ताई. मूर्खपणा झाला."

"मूर्ख तू पहिल्यापासून आहेस," ती म्हणाली. आवाज शांत होता. "नेलंस, त्याचं मी बघून घेतलं असतं. पाडलंस, तेही. कुणाचा जीव गेला असता तर ते देवाने बघितलं असतं. पण मी तुला विचारलं होतं, आर्लिस. त्याच संध्याकाळी. आणि तू मला काय म्हणालास?"

तो जवळच्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा चाचपत बसला.

"आईचंही असंच सुरू झालं होतं, म्हणालास. माझा हात धरून."

"मग काय बोलणार होतो? मला आत टाकला असता!"

"अख्खा हिवाळा शेजारी बसून मला पान काढून देत होतास तू."

"मला वाईट वाटायचं ग. खरंच वाटायचं. म्हणून तर यायचो."

तेव्हा मला वाटलं, तो आता रडेल, ती त्याला जवळ घेईल, आणि आम्ही घरी जाऊ. तो उठला, तिच्याजवळ आला. त्याचा तो जुना काळजीचा आवाज लागला.

"ताई, ऐक. कोडीला अजून पक्कं काही माहीत नाही. पिवळे पिंजरे काय, कुणाचेही असतात. तू फक्त सांग, पेटी तूच उघडी ठेवली होतीस, तुला तसं आठवतंय. नाहीतरी सगळे तेच समजून आहेत. तुला कुणी काही म्हणत नाही. तू आता गाडी चालवत नाहीस, वर्ग घेत नाहीस, तुझं त्यात काय जाणार आहे? माझी तर नोकरी जाईल, कुत्री जातील."

कुत्र्यांनीसुद्धा तेवढ्यापुरतं भुंकणं थांबवलं, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. ती भुंकतच होती. डेल्फियाला काहीतरी बोलायचं होतं, ते त्या आवाजात बोलता येईना, म्हणून ती वाट बघत उभी राहिली. शेवटी तिने वाट बघणंच सोडलं आणि त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली,

"तू म्हणतोस, मी वेडी राहावं."

"तसं नाही ग."

"तसंच." आणि ती गाडीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी तिने कोडीला सगळं सांगितलं. आकडे भावाला माहीत होते. नेऊ दिलं नव्हतं. पेटी बंद होती. 'बंद होती' हे तिने दोनदा लिहून घ्यायला लावलं. आर्लिसला काही महिने तालुक्याच्या तुरुंगात काढावे लागले. कुत्री लिनेलने नेली, कारण दुसरं कुणी पुढे येईना.

आणि गाव? गावाला मी ओळखते. अर्ध्या गावाने तिच्याकडे भाज्या, लोणची, केक पाठवले. उरलेलं अर्धं म्हणालं, एवढासा असताना जिने घास भरवला तिनेच तुरुंगात घातला. तिच्या मावसबहिणी चर्चमध्ये तिच्या बाकावर बसत नाहीत. एकीने तर तिला तोंडावर सांगितलं, "रक्ताचं माणूस होतं. विसरले म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?" डेल्फिया घरी येऊन मला म्हणाली, "तिला कुणीतरी एकदा विसरायला लावायला पाहिजे."

गॅबार्डने किल्ल्या परत दिल्या, तिने घेतल्या. शनिवारचा वर्ग पुन्हा सुरू झाला. माणसं पूर्वीपेक्षा जास्त येतात. काही शिकायला, काही बघायला.

आर्लिस सुटून आल्यावर एकदा तिच्या दाराशी आला होता. ती आतून बाहेर आली, त्याला कॉफी दिली, पायरीवरच. घरात बोलावलं नाही. तो पाणावलेल्या डोळ्यांनी बोलत होता, ती ऐकत होती. कप रिकामा झाल्यावर तिने तो परत मागितला. एवढंच झालं.

मागच्या आठवड्यात माझी गाडी गॅरेजात होती, म्हणून मी तिच्याबरोबर व्हॅनमधून इस्पितळात निघाले. मला बघून बरं वाटलं. चाकावर तिचे हात पूर्वीसारखेच मोकळे होते, वळणं पूर्वीसारखीच गोल. इस्पितळाच्या अलीकडच्या वळणावर ती थांबली. होल्स्टरसकट रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवलं, झाकण दाबलं, चक्रं फिरवली. आम्ही निघालो. शंभर पावलांवर तिने व्हॅन पुन्हा कडेला घेतली.

"काय झालं?"

ती वाकली. झाकण ओढून बघितलं. पेटी घट्ट बंद होती.

"बंद आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे."

पुढे पुलाजवळ तिने पुन्हा थांबवलं, पुन्हा वाकली. ती वर उठली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"मला माहीत आहे तो खोटं बोलला, बाई. माझ्याकडे कागदावर लिहिलेलं आहे. तरी रोज." तिने आरशात मागचा रस्ता बघितला. "त्याने माझ्यापाशी आईला आणून ठेवलं. आता जात नाही ती."

मागून एका लाकडाच्या ट्रकने हॉर्न दिला. तिने हात बाहेर काढून त्याला पुढे जाऊ दिलं, मग गिअर टाकला. पार्किंगमध्ये शिरल्यावर ती उतरली, दार लावलं, इस्पितळाच्या दारापर्यंत माझ्याबरोबर चालत आली आणि तिथे थांबली.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी आलेच."